दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सोरॉरिटीत प्रवेश : कुठलं दार, कधी आणि कसं

अमेरिकेतल्या कॉलेजात सोरॉरिटीत, म्हणजे मुलींच्या सदस्य-संघटनेत, जायचं तर पहिल्याच वर्षी, ते हुकलं की विषय संपला, असा समज घट्ट बसलेला आहे. बहुतेक विद्यापीठांत तो खरा नाही. कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर होऊन आलेल्या, पहिलं वर्ष प्री-मेड किंवा इंजिनिअरिंगच्या अभ्यासात गेलेल्या, घरून ये-जा करणाऱ्या, किंवा ‘तिथे आपलं कोण असणार’ म्हणून लांबच राहिलेल्या मुली सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला) आणि ज्युनियर (तिसऱ्या वर्षाला) असताना आत जातात. डार्टमथ कॉलेजमध्ये तर पहिल्या वर्षाला प्रवेशच नसतो, सगळ्या दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करतात. कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा सोरॉरिटीच्या सदस्य झाल्या त्या १९८६ मध्ये, पदवीच्या शेवटच्या वर्षाला.

फक्त उशिरा येणारीची वाट वेगळी असते. सत्राच्या तोंडावर होणारा मोठा रिक्रूटमेंटचा (सदस्य-निवडीचा) सोहळा मुख्यतः फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, मुलींसाठी आखलेला असतो. तिथे ज्युनियर मुलीने नाव घालू नये असं नाही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. मोठा सोहळा आटोपल्यावर कुठल्या चॅप्टरमध्ये (सोरॉरिटीच्या त्या कॅम्पसवरच्या शाखेत) जागा उरल्या आहेत, आणि कुठल्या संघटना मुळातच वरच्या वर्षाच्या मुली घेतात, हे दोन प्रश्न आधी सोडवा. पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

आधी आपलं कॅम्पस समजून घ्या

सगळ्या सोरॉरिटी एका नियमाने चालत नाहीत. त्या वेगवेगळ्या कौन्सिलांखाली येतात आणि प्रत्येक कौन्सिलची पद्धत निराळी असते.

सर्वांत मोठी नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत २६ सोरॉरिटी आहेत. सदस्यांना राहायला मोठी घरं, निवडीच्या ठरलेल्या फेऱ्या, शेवटी बिड डे (सदस्यत्वाचं आमंत्रण, म्हणजे बिड, मिळण्याचा दिवस), हे सगळं यांच्याकडचं.

दुसरी नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल. नावं जवळजवळ सारखी असल्याने नवख्यांची इथे हमखास गल्लत होते. ही १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झालेली, ऐतिहासिक कृष्णवर्णीय संघटनांची कौन्सिल. तिच्या नऊ संघटनांपैकी चार सोरॉरिटी आहेत: अल्फा कॅपा अल्फा, डेल्टा सिग्मा थीटा, झीटा फाय बीटा आणि सिग्मा गामा ऱ्हो. वर्णावरून दार बंद नसतं, पण कृष्णवर्णीय समाजाच्या सेवेचं काम हा त्यांचा गाभा आहे. त्याबद्दल मनापासून आस्था नसेल तर तिकडे वळू नये.

तिसऱ्या गटात मल्टिकल्चरल, लॅटिना आणि आशियाई सोरॉरिटी येतात. दक्षिण आशियाई मुलींनी उभ्या केलेल्या तीन सोरॉरिटी एकाच वर्षी, १९९८ मध्ये सुरू झाल्या: ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात कॅपा फाय गामा, ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो. न्यूजर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया या पट्ट्यात वाढलेल्या मराठी मुलींना यांची नावं बहुधा गरब्याच्या किंवा दिवाळीच्या कॅम्पस कार्यक्रमातून कळलेली असतात. यांचे चॅप्टर लहान असतात. त्यामुळे एकेक सदस्य महत्त्वाची ठरते आणि सोफोमोर-ज्युनियर असणं सहसा आड येत नाही.

शिवाय इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलींसाठीच्या सोरॉरिटी आहेत. अल्फा ओमेगा एप्सिलॉन १९८३ मध्ये मार्केट (Marquette) विद्यापीठात सुरू झाली, फाय सिग्मा ऱ्हो १९८४ मध्ये पर्ड्यूत. कॉम्प्युटर सायन्स, मेकॅनिकल, बायोमेडिकल करणाऱ्या मुलींनी तुमच्या कॅम्पसवर यांचा चॅप्टर आहे का ते आवर्जून पाहावं. इथे लॅब, को-ऑप (शिक्षणाचा भाग म्हणून केलेली नोकरी) आणि मिडटर्मचा ताण समजावून सांगावा लागत नाही, कारण सगळ्याच त्यातून जात असतात.

पायरी १ : एक ईमेल, चार प्रश्न

प्रत्येक विद्यापीठात फ्रॅटर्निटी अँड सोरॉरिटी लाइफ किंवा तशाच नावाचं ऑफिस असतं. सोशल मीडियावरचे रील पाहत बसण्याऐवजी त्या ऑफिसला आणि कॅम्पसच्या पॅनहेलेनिक कौन्सिलला थोडक्यात ईमेल करा. तुमचं वर्ष, ट्रान्सफर असाल तर तसं, आणि हे चार प्रश्न:

१. या सत्रात कंटिन्यूअस ओपन बिडिंग, म्हणजे बोलीभाषेत सीओबी, कोणते चॅप्टर करणार आहेत?
२. मुख्य रिक्रूटमेंटमध्ये वरच्या वर्षाच्या मुलींसाठी वेगळा कोटा आहे का?
३. किमान जीपीए (गुणांची सरासरी) किती, आणि तो या कॉलेजचा धरतात की ट्रान्सफरच्या आधीच्या?
४. इतर कौन्सिलांच्या माहिती-बैठका कधी आहेत?

दुसऱ्या प्रश्नाचं कारण समजून घ्या. मुख्य रिक्रूटमेंटमध्ये प्रत्येक चॅप्टरने किती मुली घ्यायच्या याचा आकडा ठरतो, तो कोटा. चॅप्टरची एकूण सदस्यसंख्या किती असावी याचा आकडा निराळा, त्याला टोटल म्हणतात. कोटा एकच असेल तर ज्युनियर मुलीला दिलेली जागा फ्रेशमन मुलीच्या हिशेबातून जाते. फ्रेशमन चार वर्षं राहणार, घरातली खोली भरणार, पुढे अध्यक्ष-खजिनदार होणार. ज्युनियरला दोनच वर्षं उरलेली. वरच्या फेऱ्यांत ज्युनियर मुलींची नावं गळतात ती बहुतेक वेळा या हिशेबापायी. तुमच्यात काही खोट आहे असा त्याचा अर्थ होत नाही. काही कॅम्पसांवर वरच्या वर्षांचा कोटा वेगळा धरतात. तसं असेल तर चित्र पुष्कळ बदलतं, आणि मग मुख्य रिक्रूटमेंटला नक्की जावं.

पायरी २ : सीओबी कसं चालतं

ज्या चॅप्टरची सदस्यसंख्या टोटलपेक्षा कमी आहे, तो सत्रभर केव्हाही बिड देऊ शकतो. हेच सीओबी. टोटलला पोचलेल्या चॅप्टरला ते करता येत नाही, मग त्यांना तुम्ही कितीही आवडलात तरी. म्हणून आवडत्या घराच्या (म्हणजे चॅप्टरच्या) मागे सत्र घालवण्याआधी तिथे जागा आहे का हे विचारून घ्यावं.

टोटल दर सत्रात नव्याने ठरतो. सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या काही मुली, डिसेंबरमध्ये पदवी घेऊन बाहेर पडतात, काही मुली सत्रभर परदेशी शिकायला जातात, काही राजीनामा देतात. त्यामुळे ज्या कॅम्पसवर मुख्य रिक्रूटमेंट फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात) असतं, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याच जागा मोकळ्या होतात. ज्युनियर मुलीसाठी हा सर्वांत चांगला काळ. जिथे मुख्य रिक्रूटमेंटच जानेवारीत असतं तिथे फॉलमधलं सीओबी पाहा.

सीओबीत ठरावीक फेऱ्या नसतात. इंटरेस्ट फॉर्म भरायचा, मग चॅप्टरची रिक्रूटमेंट पाहणारी मुलगी मेसेज करते: कॉफीला ये, मंगळवारच्या जेवणाला ये, शनिवारी ब्रेसलेट करायला बसणार आहोत, ये. अशा दोन-तीन भेटींत निर्णय होतो, कधी आठवड्याभरातच. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मेसेजला तीन दिवसांनी उत्तर देणं. चॅप्टरकडे चार जागा आणि पंधरा नावं असतात. आलेल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर द्या. जमत नसेल तर ‘गुरुवारी लॅब आहे, शुक्रवारी चारनंतर मोकळी आहे’ असं नेमकं सांगा.

बिड आल्यावर सही करण्याआधी थांबून विचार करायला हरकत नाही. सही न करता नम्रपणे नाही म्हटलंत तर दुसरीकडची वाट बंद होत नाही. सही केल्यावर मात्र बंद होते.

पायरी ३ : मुख्य रिक्रूटमेंटला जायचंच असेल तर

नोंदणीची मुदत सत्र सुरू होण्याच्या बरीच आधी संपते, ट्रान्सफर मुलींचं इथेच चुकतं. प्रवेशपत्र मे महिन्यात हातात येतं, ओरिएंटेशन जुलैत होतं, आणि ऑगस्टच्या रिक्रूटमेंटची नोंदणी तोवर संपत आलेली असते. नव्या कॉलेजचा ईमेल सुरू झाला की लगेच तारखा पाहा.

फॉर्ममध्ये गुण तपासायची परवानगी द्यावी लागते. ट्रान्सफर असाल तर जुन्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट पोचलं आहे ना याची खात्री करा. ते सिस्टिममध्ये चढलेलं नसलं की जीपीएची जागा कोरी दिसते आणि गुण उत्तम असूनही चाळणीतच नाव जातं. फोटो साधा, चेहरा स्पष्ट दिसणारा हवा. शिफारसपत्रांचं प्रस्थ आता पुष्कळ कमी झालं आहे, तेव्हा ओळखीची माजी सदस्य नाही म्हणून मागे हटू नका.

फेऱ्या सहसा चार: ओपन हाऊस, समाजकार्याची फेरी, सिस्टरहूडची फेरी आणि प्रेफरन्स (अंतिम पसंतीची फेरी). दर फेरीनंतर तुम्ही पसंतीक्रम लावता, चॅप्टरही लावतात, आणि दोन्ही जुळवून पुढची आमंत्रणं निघतात. शेवटच्या फेरीनंतर जो करार येतो तो नीट वाचून सही करा. त्यावर लिहिलेल्या कुठल्याही घराचा बिड आला आणि तुम्ही तो नाकारलात, तर त्या कॅम्पसवर पुढचं मुख्य रिक्रूटमेंट सुरू होईपर्यंत त्या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत जाता येत नाही. फ्रेशमन मुलीच्या हातात आणखी एक वर्ष असतं. ज्युनियर मुलीसाठी वर्ष जाणं म्हणजे संधीच जाणं. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही ते नाव करारावर लिहू नका. उलट एकच नाव लिहून बाकी सोडून देणंही धोक्याचं, कारण मग कुठेच न जुळण्याची शक्यता वाढते. जिथे आनंदाने जाल अशी सगळी घरं लिहा.

कुठेच जुळलं नाही तर त्याच दिवशी फोन हाताशी ठेवा. कोटा न भरलेले चॅप्टर लगेच स्नॅप बिड देतात. मधल्या फेरीत सही न करता बाहेर पडलेल्या आणि सही करून कुठेच न जुळलेल्या, या दोघींनाही सीओबी तत्काळ खुलं असतं.

एक नियम आधीच माहीत हवा. या २६ पैकी एका सोरॉरिटीत इनिशिएशन (पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी) झालं की त्या गटातल्या दुसरीत पुढे कधीच जाता येत नाही. जुन्या कॉलेजात इनिशिएट झालेल्या ट्रान्सफर मुलीने नव्याने रिक्रूटमेंटला जाऊ नये. तिने आपल्याच सोरॉरिटीचा चॅप्टर नव्या कॅम्पसवर असल्यास संलग्न होण्याबद्दल विचारावं.

पायरी ४ : बाकी कौन्सिलांची रीत

अल्फा कॅपा अल्फा किंवा डेल्टा सिग्मा थीटासारख्या संघटनांत रिक्रूटमेंटऐवजी इनटेक, म्हणजे त्यांच्या पद्धतीची सदस्य-निवड, असतं. पहिल्या सत्रातल्या फ्रेशमनला तिथे सहसा प्रवेश नसतो, कॉलेजची काही क्रेडिट पूर्ण झालेली लागतात. वरच्या वर्षात असणं इथे अडचण ठरत नाही. अडचण वेळेची असते: इनटेक दर सत्रात होईलच असं नाही, आणि आधी गाजावाजाही होत नाही. माहिती-बैठकीची सूचना येते, तिला वेळेवर आणि नीटनेटक्या पोशाखात जायचं. त्याआधीचं वर्षभर त्यांच्या सेवाकार्याच्या आणि खुल्या कार्यक्रमांना जात राहावं, संघटनेचा इतिहास वाचावा, केलेल्या समाजसेवेच्या तासांची लेखी नोंद ठेवावी. मला यायचंय, मला यायचंय, असं सगळीकडे बोलत फिरणं तिथे चांगलं समजत नाहीत.

दक्षिण आशियाई आणि मल्टिकल्चरल सोरॉरिटींत सत्राच्या सुरुवातीला एक-दोन आठवडे रश असतो: माहितीची बैठक, खेळ किंवा जेवणाची संध्याकाळ, शेवटी मुलाखत. मग निवडलेल्या मुलींची एक ‘लाइन’ होते, कधी तीन-चार जणींचीच. चॅप्टर लहान म्हणजे जबाबदारी मोठी. आठ जणींच्या चॅप्टरमध्ये प्रत्येकीकडे एखादं पद येतंच, आणि शो किंवा निधी-संकलनाच्या आठवड्यात अभ्यासाला वेळ काढणं कठीण होतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सत्रातच हे सुरू करावं का, याचा निर्णय शांतपणे करा.

पायरी ५ : काय बोलायचं

‘इतकी उशिरा का आलीस?’ हा प्रश्न येणारच. खजील होऊन उत्तर देऊ नका, आणि लांबण लावू नका. दोन वाक्यं पुरतात: पहिल्या वर्षी काय चाललं होतं, आणि आता काय हवं आहे. ‘पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात होते, घरी राहत होते. आता इथे चार सत्रं आहेत आणि ती अभ्यास-घर एवढ्यावरच घालवायची नाहीत.’ एवढं स्वच्छ बोललं की समोरची मोकळी होते.

चॅप्टरला पडलेला न विचारलेला प्रश्न असा असतो: ही किती दिवस राहणार? त्याचं उत्तर तुम्हीच द्या. पदवी कधी, परदेशातलं सत्र आहे का, को-ऑपला बाहेरगावी जाणार का, घरात राहायची तयारी आहे का. फॉलमध्ये आलेल्या ज्युनियरकडे चार सत्रं असतात. त्यातलं पहिलं नवी सदस्य म्हणून जातं, उरतात तीन. त्या तीन सत्रांत काय करायला आवडेल ते सांगा. वरच्या वर्षाची मुलगी सोबत काही कौशल्य आणते: हिशेब, डिझाइन, कार्यक्रम आखणं, धाकट्यांना कॅल्क्युलस शिकवणं. त्याचं मोल चॅप्टरला कळतं.

पार्ट्या, मुलगे, इतर सोरॉरिटींबद्दलचं गॉसिप हे विषय टाळा. समोरची काय सांगते ते लक्षात ठेवून पुढच्या भेटीत विचारलंत, तर त्याचा परिणाम कुठल्याही कपड्यांपेक्षा जास्त होतो.

पायरी ६ : पैशांचा हिशेब, सही करण्याआधी

ज्युनियर मुली इथे सर्वांत जास्त अडकतात, म्हणून जरा विस्ताराने. खर्चाचे निदान पाच भाग असतात: एकदाच भरायची नव्या सदस्याची फी, दर सत्राचे ड्यूज (वर्गणी), पिन किंवा बॅज, घर असेल तर न राहणाऱ्या सदस्यांकडून घेतलं जाणारं शुल्क, आणि टी-शर्ट, फॉर्मल (नटूनथटून जायची पार्टी), फोटो असा किरकोळ खर्च, जो बघता बघता फुगतो. आकडा कॅम्पसगणिक बदलतो. घर नसलेल्या लहान चॅप्टरमध्ये सत्राला काहीशे डॉलरांत भागतं, दक्षिणेकडच्या मोठ्या घरांत तो काही हजारांवर जातो. चॅप्टरकडून लेखी तक्ता मागा. तो मागण्यात गैर काही नाही, आणि द्यायला टाळाटाळ झाली तर तेवढ्यावरून काय ते समजा.

मग उरलेल्या सत्रांनी गुणा. समजा नव्या सदस्याची फी आणि बॅज मिळून ५०० डॉलर, ड्यूज सत्राला ६००, किरकोळ १५०. चार सत्रांचे ड्यूज आणि किरकोळ मिळून ३,०००, वर ते ५००, एकूण ३,५००. हा आकडा घरच्यांसमोर आधी ठेवा. हप्त्यांची सोय असते, काही संघटनांच्या शिष्यवृत्त्याही असतात, पण त्या मिळतीलच असं धरून चालू नका.

दुसरा फास घरभाड्याचा. अनेक चॅप्टरांत ठरावीक काळ घरात राहण्याची अट असते. ज्युनियर मुलीने पुढच्या वर्षीच्या अपार्टमेंटचं लीज बहुधा आधीच सही केलेलं असतं. मग दोन्हीकडचं भाडं भरायची पाळी येते. ‘मला घरात राहण्याची अट लागू होते का, आणि चालू लीज असेल तर सूट मिळते का?’ हे विचारून उत्तर ईमेलवर घ्या. शाकाहारी असाल तर घरच्या स्वयंपाकघरात रोज काय शिजतं तेही विचारा. जेवणाचे पैसे भरून रोज सॅलड खायची वेळ येऊ नये.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलींना सदस्य व्हायला अडचण नाही. मात्र क्रेडिट पूर्णवेळ ठेवायलाच हवीत. घर सांभाळण्याच्या बदल्यात भाडं माफ असं एखादं पद देऊ केलं, तर ते काम धरलं जाऊ शकतं. हो म्हणण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला विचारा. आणि २१ वर्षं पूर्ण नसताना दारूच्या प्रकरणात पोलिसांची नोंद झाली तर व्हिसाच्या वेळी ती पुढे येते, हे कायम ध्यानात असू द्या.

पायरी ७ : हेझिंग

यावर बोलायला घरात संकोच वाटतो, म्हणून इथे उघड लिहितो आहोत. झोपू न देणं, पाठांतरावरून अपमान, खाण्या-पिण्याची सक्ती, फोन काढून घेणं, मोठ्या मुलींची कामं करायला लावणं, ‘हे बाहेर सांगायचं नाही’ म्हणून घातलेली शपथ, हे सगळं हेझिंग आहे. तुम्ही संमती दिली होती असं म्हटल्याने ते वैध होत नाही. अधिकृत इनटेक सुरू होण्याआधी ‘खरी तयारी’ म्हणून रात्री-अपरात्री बोलावणं हा त्यातला सर्वांत धोकादायक प्रकार.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत कॅम्पसवरच्या हेझिंगविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांनी दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती वेबसाइटवर जाहीर करायची आहे. बिडवर सही करण्याआधी तो अहवाल उघडून त्या चॅप्टरचं नाव शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. आई-वडिलांना काळजी वाटत असेल तर त्यांच्यासोबत बसूनच तो पाहा.

बिड घेतल्यानंतर

नव्या सदस्याचा काळ सहसा सहा ते आठ आठवड्यांचा असतो, त्यानंतर इनिशिएशन. सोबतच्या बहुतेक मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या असतील आणि तुम्हाला ‘बिग’ (मार्गदर्शक मोठी बहीण) म्हणून लाभलेली मुलगी कदाचित तुमच्याहून लहान असेल. पहिले दोन आठवडे अवघडल्यासारखं होतं. बैठका चुकवू लागलात तर ते वाढत जातं. नव्या मुलींच्या अभ्यासाच्या तासांना बसा, एखाद्या समितीत पहिल्याच महिन्यात नाव द्या. मन लागलंच नाही तर इनिशिएशनच्या आधी बाहेर पडा. भरलेली फी बहुधा परत मिळणार नाही आणि पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या गटातली दुसरी सोरॉरिटी मिळणार नाही, पण इनिशिएशननंतर सोडण्यापेक्षा ते बरं.

सीनियर वर्षाचं पहिलं सत्रही उलटून गेलं असेल तर अंडरग्रॅज्युएट चॅप्टरमध्ये शिरण्यात फारसं हशील नाही. फीचा मोठा भाग सुरुवातीलाच जातो आणि हाती एक सत्र उरतं. ऐतिहासिक कृष्णवर्णीय सोरॉरिटींचे पदवीधर चॅप्टर असतात आणि ते पदवीनंतर सदस्य घेतात. मोठ्या गटातल्या काही सोरॉरिटीही माजी विद्यार्थिनींच्या मार्फत पदवीधर स्त्रियांना प्रवेश देतात. पुण्या-मुंबईहून एमएससाठी आलेल्या मुलींनी हीच दोन दारं पाहावीत, कारण कॅम्पसवरचे बहुतेक चॅप्टर पदवीपूर्व विद्यार्थिनींसाठीच असतात.